सिनेमावाला मंत्री झाला तर बिघडलं कुठे?

शुद्धलेखनावरून सिनेमा बंद पाडल्याचं कधी ऐकलंय? सेनेगलमधे झालंय हे, १९७७ साली. उस्मान सेम्बेनचा 'चेद्दो' तयार झाला आणि सरकार म्हणालं नावात एकच 'द' पाहिजे, तुम्ही दोन लावलेत, तेवढं दुरुस्त करा आणि मग दाखवा. सेम्बेन कसला ऐकतोय, वोलोफ त्याची रोजची भाषा, तिच्यात 'द'वर किती जोर द्यायचा ते त्याला कोण शिकवणार. झालं, सिनेमा डब्यात. आता गंमत अशी की हा हट्ट धरून बसलेला माणूस कोणी अंगठाबहाद्दर हुकूमशहा नव्हता, ते होते राष्ट्राध्यक्ष लेओपोल्ड सेंघोर, फ्रेंचमधले नामवंत कवी, व्याकरणाचे पक्के, पुढे १९८३ मधे फ्रेंच अकादमीत निवडून गेलेले पहिले आफ्रिकन. खरं कारण वेगळं होतं असं तेव्हाही लोक म्हणत होते, कारण सिनेमात मशीद आणि चर्च दोघांनाही धरून धुतलंय. पण कागदावर कारण काय, तर एक जादा 'द'.

माझा एक मित्र हा किस्सा नेहमी वापरतो. त्याचं म्हणणं, बघ, कवी खुर्चीवर बसला की तोही शेवटी सेन्सॉरच होतो. कलाकारानं सत्तेच्या वाऱ्याला उभं राहू नये, सरकारी गाडी, सरकारी शाल, सरकारी परदेश दौरा, सगळं लांबूनच नमस्कार. आणि मग पुढचं वाक्य ठरलेलं, दुर्गाबाई आठवतात ना, कऱ्हाडचं संमेलन, १९७५. दुर्गाबाईंचं नाव घेतलं की आपल्याकडे वाद संपतो, समोरचा गप्प बसतो, मीही बसायचो. पण गेल्या काही महिन्यांत पश्चिम आफ्रिकेतले सिनेमे जरा नीट लावून बघितले, त्यांच्यामागचा इतिहास वाचला आणि मला वाटायला लागलंय की हा नियम आपण फार स्वस्तात वापरतो. ज्या देशात सिनेमाचं दुकान आधीपासून मांडलेलं आहे, पैसा बाजारातून येतो, थिएटरं आहेत, लॅब आहेत, तिथे 'सरकारपासून लांब राहा' म्हणायला काही लागत नाही. जिथे सरकारनं हात घातल्याशिवाय कॅमेऱ्याची बॅटरीही मिळत नाही तिथे काय करायचं?

म्हणून मी त्याला मालीच्या शेख उमर सिसोकोचं नाव सांगितलं, सिनेमे काढता काढता सांस्कृतिक मंत्री झालेल्या दिग्दर्शकाचं. त्यानं अर्थातच ऐकलेलं नव्हतं.

थोडं मागून सांगतो, त्याशिवाय मुद्दा कळणार नाही. फाळक्यांनी १९१३ मधे 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा वर इंग्रज होतेच, पण दादरला घरात बसून सिनेमा काढायला त्यांना कोणी अडवलं नाही. फ्रेंच आफ्रिकेत १९३४ मधे वसाहतमंत्री पियेर लावालनं फतवा काढला की वसाहतीत कोणी काय शूट करायचं, कोणी त्यात काम करायचं, ते सरकार ठरवणार. परिणाम काय, तर पॅरिसच्या फिल्म स्कूलमधून रीतसर शिकून बाहेर पडलेला आफ्रिकन तरुण पोलँ विएरा १९५५ मधे मित्रांना घेऊन पहिला सिनेमा काढतो तो आफ्रिकेत नाही, पॅरिसमधे, सीन नदीच्या काठावर फिरणाऱ्या आफ्रिकन पोरांवर. घरी शूट करायची परवानगीच नाही! स्वातंत्र्य आलं १९६० च्या आसपास, तरी थिएटरात काय लागायचं ते दोन परदेशी कंपन्या ठरवायच्या, कोमासिको आणि सेक्मा. त्या काय आणायच्या, तर जुने अमेरिकन वेस्टर्न, फ्रेंच मारधाड, इजिप्तचे रडके सिनेमे आणि आपले हिंदी. हो, आपले मुंबईचे हिंदी सिनेमे. तिकडचे कितीतरी लोक हिंदीचा एक शब्द न कळता आपली गाणी म्हणतात, आणि आपण ते ऐकून खूश होतो, पण एक बाजू आपल्या लक्षात येत नाही, की तिथल्या पोराला स्वतःच्या भाषेतला सिनेमा दिसायच्या आधी आपला दिसला, कारण आपला जुना माल स्वस्त पडायचा. असो, यात मुंबईवाल्यांचा दोष नाही, ते धंदा करत होते.

मग १९७० मधे अप्पर व्होल्टा नावाच्या गरीब देशानं, म्हणजे आजच्या बुर्किना फासोनं, देशातली मोजकी थिएटरं सरळ सरकारी करून टाकली. कंपन्यांनी चिडून सिनेमे पाठवणं बंद केलं. सरकार काही मागे हटलं नाही, आणि आदल्या वर्षी राजधानी वागाडुगूत काही सिनेमावेड्या लोकांनी एक छोटा फिल्म वीक भरवला होता त्याच्यामागे उभं राहिलं, त्याचाच पुढे फेस्पाको झाला, आफ्रिकेतला सगळ्यात मोठा फिल्म फेस्टिव्हल. वागाडुगूत आज एक चौक आहे, चित्रपट दिग्दर्शकांच्या नावाचा, मधे फिल्मच्या रिळांसारखा एकावर एक रचलेला खांब. कुठल्या राजधानीत मुख्य चौकात डिरेक्टर लोकांचं स्मारक असतं सांगा? आपल्याकडे चौकाला नाव द्यायचं तर आधी कॉर्पोरेटरचे वडील आठवतात.

याच काळात आफ्रिकन सिनेमावाल्यांची एक संघटना झाली, फेपासी. या लोकांना सुरुवातीपासून माहीत होतं की सिनेमा काढणं हे अर्धंच काम आहे, उरलेलं अर्धं म्हणजे मंत्र्यांच्या केबिनबाहेर बसणं, टॅक्सचा कायदा लिहून घेणं, चार देशांना एका टेबलावर आणणं. नायजरच्या इनूसा उसेनीचंच बघा, स्वतः फिल्ममेकर, त्याला फ्रेंच बोलणाऱ्या देशांच्या सामाईक वितरण कंपनीचा प्रमुख केलं. कल्पना झकास होती, सगळ्या देशांनी मिळून सिनेमे विकत घ्यायचे, मिळालेल्या पैशातून नवे काढायचे. १९८० च्या सुमाराला सुरू झाली आणि चार-पाच वर्षांत बसली, कारण सदस्य देश वर्गणीच भरेनात. सोसायटीची मेंटेनन्स थकवणारे लोक जगात सगळीकडे सारखेच. उसेनी पुढे युनेस्कोत नायजरचा राजदूत झाला. त्याला कोणी 'विकला गेला' म्हटलं तर मला हसू येईल, कारण हा माणूस पहिल्यापासून तेच करत होता, फक्त आता कोटाला बिल्ला लागला.

आता सिसोको. जन्म १९४५ चा, पॅरिसला आधी इतिहास-समाजशास्त्र आणि मग सिनेमा शिकला, आणि घरी परतून सरकारी फिल्म सेंटरमधे लागला. म्हणजे पगार सरकारी. आणि त्या सरकारी पगारावर या गड्यानं काय काढलं, तर 'न्यामान्तोन', १९८६. राजधानी बामाकोतल्या कचरा उचलणाऱ्या पोरांची गोष्ट. शाळेत नाव टिकवायचं तर बसायचा बाक घरून आणा, असा हुकूम निघतो. नुसता बाक! एका कुटुंबाचं एका लाकडी बाकासाठी कंबरडं मोडतं, पोरगा कचऱ्याची गाडी ढकलतो, बहीण संत्री विकते. हा सिनेमा बघताना मला आमच्या गावाकडची शाळा आठवली, जिथे शेणानं सारवलेल्या जमिनीवर घरून आणलेलं पोतं टाकून बसायचो, आणि चांगलं जाड पोतं असलेल्या पोराचा काय रुबाब असायचा. त्यामुळे बाकाचं दुःख मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. तेव्हा मालीत मूसा त्राओरेची लष्करी राजवट होती, १९६८ पासून. त्याच राजवटीच्या संस्थेत बसून हा माणूस दाखवतोय की तुमच्या देशात शिक्षण म्हणजे काय. त्यानंतर 'फिन्झान', विधवेचं दिराशी जबरदस्तीनं लग्न लावणं आणि मुलींची सुंता, दोन्हीवर थेट.

१९९१ च्या मार्चमधे बामाकोच्या रस्त्यावर विद्यार्थी, बायका उतरल्या, सैन्यानं गोळ्या घातल्या, आणि शेवटी सैन्यातल्याच लोकांनी त्राओरेला पकडलं. चार वर्षांनी सिसोकोचा 'गिंबा' आला आणि त्याला फेस्पाकोचा सगळ्यात वरचा घोडा मिळाला. घोडा म्हणजे बक्षीसच तसं आहे, येनेंगा राजकन्येचा घोडा. 'गिंबा'त मातीच्या घरांच्या शहरातला एक जुलमी राजा, त्याचा ठेंगणा पोरगा, आणि त्या पोराचा हट्ट की मला ठरलेली नवरी नको, तिची आई पाहिजे. राजा काय म्हणतो, ठीक आहे, तिच्या नवऱ्याला सांगा सोडून दे बायकोला. इथून सगळं पेटतं, आणि नवरा रानात जाऊन शिकाऱ्यांना गोळा करून उठाव करतो. गोष्ट सांगणारा भाट आहे, थट्टामस्करी आहे, त्यांच्याकडच्या कोतेबा नाटकाचा बाज आहे, म्हणजे आपल्या वगात सोंगाड्या राजासमोर राजाचीच कशी फिरकी घेतो तो प्रकार. कपडे बघत राहावेत असे, हातानं मातीत रंगवलेलं कापड. मी दुसऱ्यांदा बघितला तो निव्वळ कपड्यांसाठी.

तर असा माणूस २००२ मधे मालीचा सांस्कृतिक मंत्री झाला आणि २००७ पर्यंत होता. ते सरकार होतं अमादू तुमानी तुरेंचं. हे तेच तुरे, ज्यांनी १९९१ मधे अधिकारी असताना त्राओरेला अटक केली, वर्षभरात निवडणूक घेतली, सत्ता सोडून घरी गेले आणि दहा वर्षांनी निवडून आले. म्हणजे सिसोको काही कुठल्याही दरबारात जाऊन बसला नव्हता. त्याची स्वतःची पार्टी होती, डावी, १९९६ मधे काढलेली, तिच्या वतीनं तो मंत्री झाला. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. शेजारच्या मॉरिटानियात अब्देररहमान सिसाको (नाव जवळचं, माणूस वेगळा), 'टिंबक्टू' सिनेमावाला, हा राष्ट्राध्यक्षांचा सांस्कृतिक सल्लागार होता आणि ते राष्ट्राध्यक्ष बंड करून सत्तेत आलेले जनरल. त्यावरून फ्रान्समधे त्याच्यावर टीका झाली आणि ती मला पूर्ण चुकीची वाटत नाही. सिनेमा बेस्ट आहे, त्याबद्दल वाद नाही. पण सल्लागार हे पद असं असतं की नाव तुमचं वापरलं जातं आणि सही मात्र कशावरच तुमची नसते. मंत्र्याची निदान सही असते, त्याला विचारता तरी येतं की बाबा काय केलंस.

मग बघू काय केलं.

२००५ च्या ऑक्टोबरमधे युनेस्कोत एक करार झाला, सांस्कृतिक अभिव्यक्तींच्या विविधतेचा. १४८ देश बाजूनं, विरोधात फक्त दोन, अमेरिका आणि इस्रायल, चार तटस्थ. भानगड काय होती, तर अमेरिकेचं म्हणणं सिनेमा, गाणी, पुस्तकं हा माल आहे, बाकी मालासारखा व्यापार होऊ द्या, मधे सरकारनं येऊ नका. बाकीचे म्हणाले माल आहेच पण नुसता माल नाही, त्यामुळे आपल्या भाषेतल्या सिनेमाला अनुदान द्यायचा, टीव्हीवर कोटा ठेवायचा हक्क आम्हाला पाहिजे. आफ्रिकेतले छोटे देश यात जोरात होते आणि मालीही होता. आपण भारतानंही पुढच्या वर्षी मंजुरी दिली, पण आपल्याकडे याची चर्चा शून्य. दहा वर्षांनी, २०१५ मधे महाराष्ट्र सरकारनं मल्टिप्लेक्सना सांगितलं की प्राइम टाइमला मराठी सिनेमा लावा, तेव्हा केवढा गदारोळ, वडापाव काय, पॉपकॉर्न काय, स्वातंत्र्याची गळचेपी काय. त्या वेळी कोणीतरी म्हणायला हवं होतं की हाच प्रश्न जगानं एका टेबलावर बसून चर्चेला घेतलाय आणि आपण त्यावर सही केलीय. बरं, या कराराला दात आहेत का? फारसे नाहीत, त्यातच लिहिलंय की दुसऱ्या व्यापारी करारांवरच्या जबाबदाऱ्या याच्यामुळे बदलत नाहीत. पण दात नसलेल्या म्हाताऱ्याचा शब्दही पंचायतीत चालतोच की कधीकधी.

दुसरी गोष्ट मला जास्त जवळची वाटते आणि तीच जास्त टोचते. मालीत नायजर नदी मधेच पसरते आणि वाळवंटाच्या तोंडावर एक अवाढव्य हिरवा पट्टा तयार होतो. फुलानी गुराखी पावसाळ्यात गुरं घेऊन वरच्या कोरड्या भागात जातात आणि पूर ओसरायला लागला की परततात, तेव्हा हजारो गुरं नदीत उतरून पलीकडे पोहत येतात. जाफाराबे गावात हा सोहळा होतो त्याला याराल म्हणतात, जालुबेत होतो तो देगाल. नदी ओलांडायची ती शनिवारीच, कारण शनिवार शुभ. सगळ्यात सजवलेल्या कळपाला मान, गुराखी आपल्या गाईंवर रचलेल्या कविता म्हणतात, पोरी दागिने घालून काठावर उभ्या आणि महिनोन्‌महिने बाहेर राहिलेल्या पोरांच्या नावानं गाणी म्हणतात. आणि मुख्य म्हणजे तारीख. ती आधी सगळे बसून ठरवतात, कारण त्याच पट्ट्यात भातशेती करणारे आहेत, मासेमारी करणारे बोझो आहेत, भात कापून व्हायच्या आधी गुरं उतरली तर डोकी फुटणार. आपल्याकडे धनगराची मेंढरं शेतात बसवायची तर शेतकरी आणि धनगर किती रात्री, बदल्यात किती धान्य, याची बोलणी करतात, तसंच पण शेकडो वर्षं आणि हजारोंच्या संख्येनं.

हे याराल-देगाल २००५ मधे युनेस्कोनं मानवजातीच्या अमूर्त वारशात जाहीर केलं. त्याच यादीत आपली रामलीला पण होती. त्या वेळी मालीचा सांस्कृतिक मंत्री सिसोको. आता अशी फाइल एकट्या माणसाची नसते, खालचे कितीतरी अधिकारी, अभ्यासक वर्षानुवर्षं कागद जमवतात, त्याला सगळं श्रेय द्यायची माझी इच्छा नाही. पण एक जुळतंय ते सांगतो. मंत्री व्हायच्या तीन वर्षं आधी, १९९९ मधे त्यानं जो सिनेमा काढला, 'ला जेनेझ', तो बायबलच्या उत्पत्तीवर होता आणि कान फेस्टिव्हलला गेला होता. बायबलची गोष्ट, पण शूटिंग मालीत, ओंबोरीच्या त्या उभ्या सरळ डोंगराखाली, आणि भाषा बांबारा. याकोब म्हणजे गुराखी. कनानी हमोर म्हणजे शेतकरी. एसाव म्हणजे शिकारी, ते काम प्रसिद्ध गायक सालिफ केताचं. शेतकऱ्याचा पोरगा गुराख्याची मुलगी पळवतो, मग समेट, आणि समेटाच्या आडून कत्तल. सिनेमाचा मधला मोठा भाग ही तीन माणसं आणि त्यांची माणसं गोलात बसून भांडतायत, एकमेकांच्या बापजाद्यांच्या भानगडी बाहेर काढतायत, मधेच हसतायत. आमच्या गावच्या पारावर जमिनीच्या बांधावरून भांडण लागलं की अगदी हेच, मुद्दा बांधाचा आणि चर्चा आजोबांच्या दुसऱ्या बायकोची.

म्हणजे ज्या भांडणावर त्यानं सिनेमा काढला, त्याच भांडणाला आवर घालणारी जी जुनी व्यवस्था लोकांकडे होती, तिला त्याच्या काळात मालीनं जगाच्या यादीत नेऊन बसवलं. सिनेमावाला मंत्री होण्याचा काही अर्थ असेल तर मला हा वाटतो. बाबू लोकांनाही नदीतली गुरं दिसतात, पण फोटो काढायला. ज्यानं आधी त्या भांडणात दोन तासांचा सिनेमा घातलाय त्याला कळतं की सोहळा खरा तारीख ठरवण्याच्या बैठकीत आहे.

आणि आता टोचणारं. २३ मार्च २०१९, मोप्ती भागातलं ओगोसागू गाव, फुलानी लोकांचं. पहाटे हत्यारबंद लोक आले, अंगावर पारंपरिक शिकाऱ्यांचे कपडे, आणि दीडशेच्या वर माणसं मारली, बायका, लहान पोरं, म्हातारे. दुसऱ्या दिवशी सरकारनं डोगोन जमातीतल्या शिकाऱ्यांची एक सशस्त्र संघटना बरखास्त केल्याचं जाहीर केलं, महिन्याभरात पंतप्रधान राजीनामा देऊन मोकळे झाले. सिसोकोच्या 'गिंबा'त शिकारी हे सोडवणारे होते. 'ला जेनेझ'मधे कत्तल करणारे गुराख्याचे पोरगे होते. खऱ्या मालीत गणित उलटं-सुलटं झालं, मधे जिहादी टोळ्या शिरल्या, बंदुका आल्या, पाऊस आणि कुरणं बेभरवशाची झाली, आणि युनेस्कोची यादी आपल्या जागी व्यवस्थित होती.

माझा मित्र इथे टाळी देतो. बघ, काय उपयोग झाला तुझ्या मंत्र्याचा?

हा प्रश्न वाजवी आहे आणि मी तो झटकून टाकणार नाही. गेल्या वर्षी, जुलै २०२५ मधे, आपले शिवाजी महाराजांचे किल्ले युनेस्कोच्या यादीत आले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. स्टेटस ठेवले आपण सगळ्यांनी, मीही ठेवला. पण त्या पावसाळ्यात यादीतल्याच एका गडावर गेलो तर वाटेवर चिप्सची पाकिटं आणि तटाच्या दगडावर प्रेमवीरांची नावं तशीच. यादी म्हणजे रेशनकार्ड आहे, धान्य नाही. पण मला कोणी सांगावं, की रेशनकार्ड कामाचं नाही म्हणून ते काढायलाच जाऊ नये का? ओगोसागूत मारायला आलेल्या माणसाला युनेस्कोचा कागद दाखवून थांबवता येत नाही, तसं सिनेमा दाखवूनही थांबवता येत नाही. तरी 'सिनेमा काढून काय उपयोग' असं आपण सिसोकोला विचारत नाही, फक्त 'मंत्री होऊन काय उपयोग' विचारतो. या दोन मापांचं मला काही कळत नाही.

किंमत मात्र आहे आणि ती मोजलीच पाहिजे, नाहीतर मी पण शाल-श्रीफळवाल्यांतलाच. २००० मधे त्याचा 'बातू' आला, भिकाऱ्यांच्या संपावरच्या सेनेगलच्या कादंबरीवरून. त्यानंतरची फीचर फिल्म यायला दहा वर्षांहून जास्त गेली. पंचावन्न ते पासष्टी, दिग्दर्शकाच्या हातात कला मुरलेली असते ते वय. तेवढ्या काळात दोन-तीन सिनेमे झाले असते, कदाचित 'गिंबा'पेक्षा मोठे. ते झाले नाहीत. करारावर सही करायला दुसरा कोणी मिळाला असता, ते सिनेमे काढायला दुसरा कोणी नव्हता. मित्राच्या बाजूचा हा सगळ्यात दमदार मुद्दा आहे आणि तो त्यानं नाही, मीच मांडलाय, हे नोंदवून ठेवतो. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं आहे, ते असं की बामाकोत थिएटरं एकेक करून बंद पडत गेली होती, जागतिक बँकेच्या सल्ल्यानं सरकारांनी हात आखडले होते, तेव्हा ते दोन-तीन सिनेमे काढून दाखवायचे कुठे? पॅरिसच्या फेस्टिव्हलांत? पंगत बसायला जागाच नाही आणि आचाऱ्याला विचारतोय भाजी का नाही केली.

२०१३ मधे तो फेपासीचा सरचिटणीस झाला, म्हणजे मंत्री नाही पण काम तेच. त्याच्या काळात २०१७ मधे फेपासी, युनेस्को आणि मार्टिन स्कोर्सेसीची फिल्म फाउंडेशन यांनी मिळून पन्नास आफ्रिकन सिनेमे शोधून, दुरुस्त करून वाचवायचं ठरवलं. मेद होंदोचा 'सोलेय ओ' तेव्हाच नीट होऊन परत पडद्यावर आला. हे काम किती निकडीचं आहे ते जुना फिल्मचा डबा उघडलेल्या माणसाला विचारा. एका ओळखीच्या काकांकडे एकदा असे चार डबे बघितले होते. झाकण काढलं आणि भस्सकन व्हिनेगरचा वास, फिल्म आखडलेली, कडेला पापडासारखी लाटालाटांची. काका म्हणाले गेली ही, आणि झाकण लावलं. २००३ मधे पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यात आपलं काय काय गेलं ते सिनेमावाल्यांना माहिती आहे. आफ्रिकेचं तर दुखणं अजून वेगळं, कितीतरी निगेटिव्ह धुवायला पॅरिसला गेलेल्या त्या तिथेच राहिल्या. त्या परत मागायला, शोधायला, कोणाची मालकी कोणाकडे ते ठरवायला तुम्हाला प्रतिभावंत दिग्दर्शक नको असतो, चिकाटीनं ईमेल करणारा, दूतावासात ओळख असलेला, चार मंत्र्यांना नावानं हाक मारणारा माणूस लागतो. आणि तो माणूस निगेटिव्हचा वास ओळखणारा असेल तर सोन्याहून पिवळं.

माझी सिसोकोबद्दलची खरी शंका मंत्रिपदाची नाहीच, ती २०२० ची आहे. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष इब्राहिम बुबाकार केताच्या विरोधात बामाकोत लोक रस्त्यावर आले, ५ जूनला पहिला मोठा मोर्चा, त्यात इमाम महमूद दिको पुढे आणि सोबत सिसोको, पंचाहत्तरीचा, एका नागरी आघाडीचा प्रमुख म्हणून. जुलैत गोळीबार झाला, माणसं मेली. १८ ऑगस्टला सैन्यानं सत्ता घेतली. पुढच्या वर्षी मे महिन्यात परत एकदा घेतली. आणि मे २०२५ मधे त्या लष्करी राजवटीनं मालीतल्या सगळ्या राजकीय पार्ट्या बरखास्त केल्या, सगळ्या, म्हणजे त्यात सिसोकोनं १९९६ मधे काढलेली पण आली. ज्यानं जुलमी राजा पडताना दाखवला होता, त्याच्या डोळ्यांदेखत राजा पडला आणि दरवाजातून कर्नल आत आला. १९९२ मधे सैनिकानं सत्ता सोडली होती म्हणून २०२० मधेही सोडेल असं वाटलं असेल का त्याला? मला वाटतं त्या पिढीच्या बऱ्याच लोकांना वाटलं असणार. तो भ्रम होता. पण नीट बघा, ही चूक खुर्चीतल्या माणसानं केलेली नाही, रस्त्यावरच्या माणसानं केलीय. म्हणजे 'सत्तेपासून लांब राहा' हा नियम पाळूनही माणूस सत्तेच्याच उपयोगी पडू शकतो. माझ्या मित्राच्या नियमात याला कुठे जागा आहे मला सांगा.

दुर्गाबाईंबद्दल एवढंच म्हणेन की त्यांनी जे केलं ते आणीबाणीत केलं, तुरुंगात जायची तयारी ठेवून. त्या एका क्षणाचा आपण सर्वकाळचा नियम करून टाकला आणि पन्नास वर्षं तो मुख्यतः स्वतः काहीही न करण्यासाठी वापरला. कमिटीवर जायचं नाही, अनुदानाचे निकष वाचायचे नाहीत, आर्काइव्हची अवस्था विचारायची नाही, आणि मग त्या कमिटीवर कोण गेलं ते बघून नाक मुरडायचं.

हे सगळं मी मित्राला फोनवर ऐकवलं. त्याचं उत्तर, सिनेमा पाठव आधी, न बघता भांडत नाही मी. 'ला जेनेझ'ची धड कॉपी कुठे मिळेना, शेवटी एक फिकट रंगाची, सबटायटल अर्धे कापलेली फाइल पाठवली. रात्री पावणेबाराला मेसेज आला. 'अरे हा याकोब झालेला म्हातारा तर आपला भीष्म!'

बरोबर ओळखलं होतं त्यानं. सोतिगी कुयाते, पीटर ब्रूकच्या 'महाभारता'त भीष्म होता तोच, उंच, सुकलेला, भाटांच्या घराण्यातला. मी लिहिलं हो, तोच. आणि मग राहवलं नाही म्हणून विचारलं, की भीष्म पण सिंहासनाला चिकटून बसलेलाच की रे, मग आता खुर्चीचं काय म्हणतोस?

दोन निळ्या टिका आल्या. बराच वेळ काही नाही. मग आलं, 'थांब, अजून पाऊण तास राहिलाय.'